किती लागेल? : पूर्णगडच्या किनाऱ्यावरून दारूच्या हिशेबाकडे

कार्याच्या हिशेबात मराठी माणूस कच्चा नाही. पाचशे पानांना तांदूळ किती, तुरीची डाळ किती, जिलब्यांचे घाणे किती, हे तोंडी सांगणारा आचारी पंचक्रोशीत एखादा तरी असेच आणि त्याच्या शब्दावर विसंबून यजमान वाण्याकडे यादी धाडीत असे. अन्न उरले तरी चालेल, सरता कामा नये, हा त्या हिशेबामागचा संकेत. परंतु त्याच कार्याला लागून, मांडवाच्या मागच्या अंगाला किंवा एखाद्या मित्राच्या गच्चीवर जी दुसरी बैठक भरते, तिच्यासाठी 'किती लागेल?' हा प्रश्न आजही दबक्या आवाजात विचारला जातो. तेथे आचारी नाही, यादी नाही. असतो तो एखादा 'माहीतगार' मित्र आणि त्याने बोटांवर मोजलेल्या बाटल्या.

आमच्या मते या दबक्या आवाजाला इतिहास आहे, आणि तो साहित्याच्या अभ्यासकांनीही पाहावा असा आहे. कारण मद्याच्या बाबतीत मराठी वाङ्मयाने एकच परिमाण आपल्या मनावर कोरले आहे, ते म्हणजे 'एकच'. रामगणेश गडकऱ्यांच्या नाटकाचे शीर्षक हे मराठीतील मद्याचे सर्वांत प्रसिद्ध माप होय. एकापुढे काय, आणि कोणी, कोणाच्या संमतीने मोजायचे, याला आपल्याकडे भाषाच घडली नाही. ती का घडली नाही, याचा शोध घेताना आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील पूर्णगड या लहानशा ठिकाणापासून निघतो. त्याचे कारण पुढे येईलच.

रत्नागिरीहून दक्षिणेकडे पावस ओलांडले की सुमारे पंचवीस किलोमीटरवर मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. तिच्या उत्तर काठावरच्या टेकाडावर पूर्णगड उभा आहे. पलीकडे गावखडीची पुळण आणि सुरूचे बन. किल्ला आटोपशीर आहे. त्याच्या बांधणीच्या संदर्भात शिवाजी महाराज आणि कान्होजी आंग्रे अशी दोन नावे घेतली जातात, आणि महाराजांनी बांधलेल्या किल्ल्यांची मालिका येथे पुरी झाली म्हणून हा 'पूर्ण'गड, अशी व्युत्पत्तीही सांगतात. लोकव्युत्पत्ती म्हणून ती गोड आहे, इतकेच म्हणावे. १८१८ मध्ये हा किल्ला इंग्रजांकडे गेला. खाडीच्या मुखावर नजर ठेवणे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गलबतांना धाक देणे, हे त्याचे काम होते. आणि अशा किल्ल्याच्या किल्लेदाराला जो प्रश्न सदैव पडलेला असे तो हाच, की दारू किती लागेल.

वाचकांना श्लेष कळला असेल. तोफेची दारू आणि पिण्याची दारू यांना मराठीने एकच शब्द वापरला आहे. मूळ फारसी 'दारू' म्हणजे औषध. ते पहिले पद आपल्या 'दवादारू' या जोडशब्दात अजून शाबूत आहे. दुसरे पद 'दारूगोळा', 'दारूकोठार', 'दारूकाम' यांत. तिसरे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याने पहिल्या दोघांना जवळजवळ झाकून टाकले आहे. थोरामोठ्यांच्या लग्नात 'दारू किती लागेल' हे एके काळी उघडपणे विचारता येत होते, कारण उत्तर आतषबाजीचे असे. शोभेची दारू उडवणे हा वैभवाचा भाग होता. आणि ती कमी पडली तर यजमानाची अब्रू जाई.

या दोन दारूंची गाठ केवळ शब्दापुरती नाही. इंग्लंडात जुन्या काळी मद्यार्काची तीव्रता पाहण्याची रीत अशी होती : बंदुकीच्या दारूवर थोडे मद्य ओतायचे आणि ते पेटवून पाहायचे. दारू पेटली तर मद्य कसाला उतरले. मद्यातल्या पाण्याने ती भिजून विझली तर नाही. कसाला उतरलेल्या मद्याला 'प्रूफ' म्हणत. पुढे १८१६ ते १८१८ या काळात, म्हणजे पूर्णगडावरचे निशाण बदलत होते त्याच सुमारास, इंग्लंडच्या कायद्याने ही कसोटी बाजूला सारून साइक्सचा जलमापी अधिकृत केला आणि 'प्रूफ'ची व्याख्या मद्याच्या वजनावरून केली. आजच्या भाषेत ते सुमारे ५७ टक्के मद्यार्काचे मिश्रण होय. त्याहून पंचवीस अंश खाली, म्हणजे 'पंचवीस अंडर प्रूफ', हे प्रमाण ब्रिटिश हिंदुस्थानच्या अबकारीत रूढ झाले. सत्तावन्नाचे पाऊण केले की बेचाळीस पूर्णांक आठ उरतात. आज भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्कीच्या वा रमच्या बाटलीवर '४२.८ टक्के' असा विचित्र आकडा का छापलेला असतो, याचे उत्तर हे आहे. चाळीस नाही, पंचेचाळीस नाही. पंगतीला बसलेला आधुनिक पाहुणा अजूनही बंदुकीच्या दारूच्या मापानेच पितो आहे.

किल्ल्यावरची दारू आणि किनाऱ्यावरची दारू या दोहोंशी संबंध असलेला एक समाजही या पट्टीवर होता. भंडारी समाजातील कित्येक माणसे माडावर चढून माडी काढीत, आणि त्याच समाजातील हेटकरी मराठ्यांच्या पायदळात व आरमारात लढत. मुंबई बेटावर जेरल्ड आँजियरने सतराव्या शतकात उभारलेल्या नागरी फौजेतही भंडारी होते. तेव्हा 'किती लागेल' या प्रश्नाची दोन्ही उत्तरे देणारे हात बहुधा एकाच वाडीतले होते.

आता माडीचा हिशेब पाहू. तो बाटलीच्या हिशेबाहून मुळातच वेगळा आहे आणि आमच्या सगळ्या विवेचनाचा तोच पाया आहे. माडाची पोय उमलण्यापूर्वी ती आवळून बांधायची, रोज हलक्या हाताने ठोकायची, टोकाला छेद देत राहायचे. असे दोन-तीन आठवडे केल्यावर तिच्यातून रस ठिबकू लागतो. मग तिच्या टोकाला मडके बांधायचे आणि दिवसातून दोन-तीनदा माड चढायचा : एकदा छेद ताजा करायला, एकदा रस उतरवायला. जमीन, ऋतू, झाडाचे वय यांप्रमाणे उतारा बदलतो. पण एका माडाचा दिवसाचा लिटर-दीड लिटर धरला तर फार चूक होणार नाही. आणि हा रस थांबत नाही. मडक्यात पडता पडताच तो आंबू लागतो. पहाटेची नीरा गोड, दुपारची माडी चढणारी, आणि एक-दोन दिवसांनी उरतो तो शिरका.

याचा अर्थ यजमानाच्या दृष्टीने काय होतो? शंभर माणसांना माणशी एक लिटर माडी द्यायची ठरली, तर त्याच दिवशी उतरवलेला सत्तर ते शंभर माडांचा रस हाती पाहिजे. आदल्या आठवड्यात आणून ठेवता येत नाही. कमी पडली म्हणून धावत जाऊन आणता येत नाही. उरली तर पुढल्या कार्याला उपयोगी नाही. आणि सत्तर माड एका घरचे असतील असे थोडेच? म्हणजे बेत आखायचा तर तीन आठवडे आधी आखायला हवा आणि तो साऱ्या वाडीने मिळून आखायला हवा. कोणाचे किती माड छेदायचे, नारळाचे उत्पन्न कोणी किती सोडायचे, कारण छेदलेली पोय नारळ धरीत नाही. येथे 'किती' हा प्रश्न बाटल्यांत विचारताच येत नव्हता. तो झाडांत, दिवसांत आणि शेजारधर्मात विचारावा लागे. हे आम्ही एखाद्या कागदावरून सांगत नाही, माडाच्या स्वभावावरून काढलेले अनुमान आहे. पण माडाचा स्वभाव अठराव्या शतकातही हाच होता.

या नाशवंतपणावर तोडगा एकच : भट्टी. माडी गाळून अर्क काढला की आठ-दहा घागरींची एक घागर होते, पण ती टिकते, वाहून नेता येते, साठवता येते. 'पहिल्या धारेची' हा आपल्या बोलीतला शब्दप्रयोग या भट्टीतूनच आला. गोव्यात काजूच्या रसाचे उर्राक आणि फेणी हे जे दोन टप्पे आजही पाळले जातात, त्यांतही पहिल्या गाळपाचा आणि पुन्हा गाळलेल्याचा भेद आहे. गाळलेली दारू आली आणि यजमानाची तीन आठवड्यांची चिंता मिटली; पण त्याबरोबर एक नवी शक्यता जन्माला आली, ती म्हणजे ही घागर दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असण्याची. सत्तर माड कुलपात ठेवता येत नाहीत. पिंप ठेवता येते.

येथे थोडे मागे जाऊन एका जुन्या ग्रंथाची साक्ष काढली पाहिजे. मद्यावर सत्तेने ताबा ठेवण्याची कल्पना इंग्रजांनी आणली असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे अख्खे प्रकरण आहे, आणि ते वाचताना एखाद्या अबकारी अधिकाऱ्याची नियमपुस्तिका हाती आल्याचा भास होतो. कोणत्या सुरेला पाणी किती, तांदूळ किती, किण्व किती, हे सारे द्रोण, आढक, प्रस्थ या मापांत दिले आहे. दुकानाबाहेर मद्य नेण्याची मुभा ज्यांच्या वर्तनाची खात्री आहे अशांनाच, आणि तीही कुडुंबाच्या चौथ्या हिश्शापासून एका प्रस्थापर्यंत, ठरलेल्या मापांतच. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची तरतूद दुसरीच आहे. गृहस्थांना घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट स्वतः करण्याची परवानगी आहे. आणि उत्सव, मेळे, यात्रा यांच्या वेळी चार दिवसांची मोकळीक आहे. म्हणजे एरवी माप राज्याचे, पण कार्याच्या दिवशी माप घरधन्याचे. कौटिल्य काही उदार मनाचा गृहस्थ नव्हे. मद्यगृहात हेर बसवायला तो विसरत नाही. तरीही कार्यात किती लागेल हे ज्याचे त्याला कळते, इतके त्याने मान्य केले होते. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वराने 'मानसोल्लासा'त मदिरापानाला क्रीडांच्या यादीत बसवले, तेही याच समजुतीला धरून.

याउलट महाभारताच्या मौसलपर्वात राज्याचा निर्बंध आणि उत्सवाची मोकळीक यांची जी गाठ पडते ती भयंकर आहे. द्वारकेत मद्य गाळण्यावर बंदी घातली जाते, मग सारे यादव खाण्यापिण्याची रेलचेल घेऊन प्रभासक्षेत्री जातात आणि तेथे एकमेकांना मारून संपतात. 'किती लागेल' याचा अंदाज इतका चुकलेली दुसरी सहल भारतीय वाङ्मयात नसावी.

इंग्रजी अमलात आरंभी दारूचा मक्ता लिलावाने दिला जाई. हे जुन्याच वहिवाटीचे रूप होते. खरा फेरफार केला तो १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने. चार्ल्स प्रिचर्ड हा त्या व्यवस्थेचा कर्ता मानला जातो. परवान्यावाचून दारू गाळणे तर गुन्हा ठरलेच, पण परवान्यावाचून माड छेदणेही गुन्हा ठरले. आणि परवाना झाडागणिक कर भरून मिळू लागला. आता वर मांडलेले गणित पुन्हा पाहावे. एका दिवसाच्या कार्यासाठी सत्तर माडांचा कर कोण भरणार? वाडीने मिळून आखायचा बेत एका फटक्यात अशक्य झाला. माड आपला, पोय आपली, चढणारा आपला; पण रस सरकारचा. मुंबई-ठाण्याकडच्या माडी काढणाऱ्यांनी याविरुद्ध पुष्कळ अर्ज-विनंत्या केल्या. पण यजमानाला उरलेला सोपा मार्ग एकच होता, मक्तेदाराच्या दुकानाचा.

त्या दुकानातला हिशेबही समजून घेण्यासारखा आहे. जिल्ह्यात दारू विकण्याचा एकाधिकार घेणाऱ्या मक्तेदाराने सरकारला वर्षाकाठी अमुक इतके उत्पन्न तरी मिळेलच, अशी हमी द्यायची असे. म्हणजे गावाने किती प्यावे याचा किमान आकडा वर्षाच्या आरंभीच ठरून गेलेला! पाहुण्यांची संख्या मोजून दारू आणण्याऐवजी दारूची संख्या मोजून पाहुणे शोधण्याची ही रीत. कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल, असे सरकारी धोरणाचे सूत्र पुढे सांगितले जाऊ लागले. ते कागदावर सुंदर दिसते. पण ज्याने किमान रकमेची हमी दिली आहे तो मक्तेदार खप कमी व्हावा म्हणून देव पाण्यात घालून बसेल, असे मानायला फारच भाबडेपणा पाहिजे. १८८९ मध्ये इंग्लंडच्या कॉमन्स सभेत सॅम्युअल स्मिथ यांनी हिंदुस्थान सरकारच्या अबकारी धोरणावर टीका करणारा ठराव मांडला आणि तो संमत झाला, तो या व्यवस्थेवरच्या वाढत्या रोषामुळेच.

मराठी लेखनात या बदलाची नोंद कशी झाली? जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी १८८० मध्ये शहरातील दारूच्या दुकानांच्या वाढीविरुद्ध पालिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्यांचा रोख दुकानांच्या संख्येवर होता, आणि आमच्या दृष्टीने ते फार नेमके होते. कारण नव्या व्यवस्थेत 'किती' हे दुकानांवरून ठरत होते. १९०८ मध्ये टिळकांच्या प्रेरणेने पुण्यात दुकानांवर निरोधन झाले. तेथेही लक्ष्य दुकान, म्हणजे सरकारी महसूल. पण रंगभूमीवर येता येता हा प्रश्न दुकानातून निघून माणसाच्या मनात शिरला. खाडिलकरांच्या 'विद्याहरण' (१९१३) नाटकात शुक्राचार्यांचे मद्यपान हा कथेचा कणा आहे. गुरूच्या एका दुबळेपणाने सारा घोटाळा होतो. आणि १९१९ मध्ये, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरातच, गंधर्व नाटक मंडळीने 'एकच प्याला' रंगभूमीवर आणला.

'एकच प्याला'विषयी इतके लिहून झाले आहे की त्यात भर घालण्याचा मोह टाळावा हे बरे. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे की या नाटकात मापाचे दोन टोकांचे नमुने आहेत आणि मधली जागा रिकामी आहे. एका टोकाला शीर्षकातला प्याला, जो पहिला आहे म्हणूनच शेवटचाही आहे. दुसऱ्या टोकाला तळीरामाचे 'आर्यमदिरामंडळ', जेथे ठराव, भाषणे, नियम सगळे काही आहे, फक्त माप नाही. सुधाकर एका टोकावरून घसरतो तो थेट विषाच्या प्याल्यापर्यंत. सिंधू दळणे दळते, आणि रंगमंचावर मोजमाप होते ते तिच्या जात्यातल्या दाण्यांचे. नाटकाचा हा कौल चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या घरी सुधाकर होता त्यांना तो शब्दशः खरा होता आणि आहे. पण या नाटकाच्या विलक्षण यशाने मद्य म्हणजे व्यसन हे समीकरण मराठी साहित्यात इतके पक्के केले की कार्याला चार लोक बोलावणारा, त्यांच्यासाठी मोजून आणणारा आणि मोजून देणारा यजमान हे पात्र आपल्या रंगभूमीवर नीटसे उभेच राहिले नाही. जो उभा राहिला तो विनोदी, लपूनछपून पिणारा. अबकारीने यजमानाच्या हातचे माप काढून घेतले होते. रंगभूमीने त्याच्या तोंडचा शब्दही काढून घेतला, असे आमचे मत आहे. ते कोणाला अतिशयोक्त वाटल्यास आमची हरकत नाही.

पुढची पायरी मापाच्याच भाषेत आली. १९२० नंतर अबकारी खाते लोकनियुक्त मंत्र्यांच्या हाती आल्यावर मुंबई इलाख्यात देशी दारूच्या दुकानांना ठरावीक पुरवठा करायचा आणि तो दर वर्षी घटवत न्यायचा, असा प्रयोग झाला. सरकार प्रथमच कमाल आकडा ठरवत होते. पण चोरट्या भट्ट्या वाढल्या आणि महसूल बुडाला. १९३७ च्या काँग्रेस मंत्रिमंडळात अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. ती टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आला आणि १९५० च्या एप्रिलपासून राज्यभर संपूर्ण दारूबंदी झाली. पूर्णगडच्या किनाऱ्यावरच्या माडांना याचा अर्थ एवढाच, की आता कर भरूनही माडी काढता येणार नव्हती. परवान्याने काढता येई ती नीरा, तीही चुना लावलेल्या मडक्यात, न आंबलेली.

या कायद्याला न्यायालयात आव्हान मिळाले. १९५१ च्या बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त पदार्थांवरील बंदीसारख्या काही तरतुदी रद्द करून बाकीचा कायदा उचलून धरला. तो कायदा नाव बदलून 'महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम' म्हणून आजही लागू आहे. महाराष्ट्रात दारू मिळते ती बंदीला असलेल्या अपवादांतून, म्हणजे परवान्यांतून. आणि पिणाऱ्याला मिळणारा परवाना कशासाठी असतो? प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी. एवढा सारा प्रवास करून 'दारू' हा शब्द कायद्याच्या कागदावर आपल्या फारसी माहेरी परत आला, आणि पेला उंचावणारा प्रत्येक परवानाधारक कागदोपत्री रुग्ण ठरला! मापही आले, पण ते कायद्याचे : 'युनिट'. स्पिरिटची एक बाटली म्हणजे एक युनिट. तिच्याऐवजी वाइन वा बीअर घ्यायची तर बाटल्या अधिक. अमुक युनिटांहून जास्त बाळगले तर गुन्हा. मुंबईत याच वर्षांत 'आंटीचे अड्डे' बहरले आणि खेड्यात हातभट्टी. तेथे युनिट नव्हते, 'प्रूफ' नव्हते, आत काय आहे याचीही शाश्वती नव्हती. ती शाश्वती नसण्याची किंमत किती असू शकते हे २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत दिसले. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने तेथे शंभरावर माणसे मेली.

साठच्या दशकात परवान्यांची अट सैल होत गेली, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले, आणि पुढचे सारे परिचित आहे. आज कार्यात दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून एका दिवसाचा परवाना काढता येतो. कौटिल्याचे चार दिवस होते, आपल्याला एक मिळतो. शब्दही नवे आले : 'खंबा', 'क्वार्टर', 'चपटी', 'नाइन्टी', 'पेग'. बहुतेक दुकानाच्या काउंटरवरचे आहेत आणि बहुतेक विकणाऱ्याच्या सोयीचे आहेत. माहीतगार मित्राचे गणित याच शब्दांत चालते. साडेसातशे मिलिलिटरच्या खंब्यात तीस मिलिलिटरचे पंचवीस पेग. बीअरच्या पेटीत साडेसहाशेच्या बारा बाटल्या. वाइनच्या बाटलीत पाच पेले. मद्यार्काच्या वजनाने पाहिले तर ४२.८ टक्क्यांच्या तीस मिलिलिटरमध्ये सुमारे दहा ग्रॅम आणि पाच टक्क्यांच्या बीअरच्या एका मोठ्या बाटलीत पंचवीसहून थोडे अधिक. म्हणजे 'मी फक्त बीअर घेतो' म्हणणारा एका बाटलीत अडीच लहान पेग घेतो. वीस पिणारे पाहुणे, माणशी तीन लहान पेग धरले तर साठ पेग, म्हणजे सुमारे अडीच खंबे. आणि येथे आचाऱ्याचा संकेत लागू करून चौथा खंबा आणला जातो. भाताच्या बाबतीत उरणे ही समृद्धी. दारू मात्र उरत नाही. चौथा खंबा उरावा म्हणून आणतात आणि तो आहे म्हणून संपतो. माडीच्या काळी उरलेले सकाळी शिरका होत असे. बाटली थांबते, आणि थांबलेली बाटली वाट पाहते.

या गणितात एक वजाबाकी राहून जाते. वीस पाहुणे मोजले जातात ते पिणारे. त्यांना घरी नेणारे, त्यांची वाट पाहणारे, दुसऱ्या दिवशीच्या मजुरीतून चौथ्या खंब्याचे पैसे वळते होतात ते घर, हे यादीत कोठे नसते. ते माडीच्या यादीत होते असेही आम्ही समजत नाही. वाडीचा बेत पुरुषांनीच आखला असणार. कोकणात वर्षाकाठी राखणदाराला जी राखण दिली जाते, तिच्यात कोंबड्याबरोबर दारूही असते. तेथे माप पाहुण्यांवरून ठरत नाही, मानावरून ठरते : देवाला धार सोडायची, उरलेली तेथेच वाटून संपवायची. प्रसाद म्हणून येणारा हा घोट मोजका असतो, कारण तो पिढ्यांनी मोजून ठेवलेला असतो. घरच्या बायका या मोजणीत नसतात.

त्यांना मोजण्याची एकच रीत आपल्या राज्याने काढली आहे. गावातले वा प्रभागातले दारूचे दुकान बंद करावे की नाही यावर मतदान घेता येते आणि ते केवळ महिलांचेही घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. दुकान बंद व्हायचे तर यादीतील एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. झालेल्या मतांपैकी निम्मे पुरत नाहीत. त्यामुळे जी बाई त्या दिवशी मासळी विकायला बाजारात गेली, किंवा मुंबईला मुलाकडे गेली, किंवा घरच्यांनी बाहेर पडू दिली नाही, तिचे न पडलेले मत उभ्या बाटलीच्या बाजूने धरले जाते.